दहा फुटांच्या खोलीत एक पूर्ण ट्रॅक: घरी एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत कसं करायचं

घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या बहुतेकांच्या संगणकात आठ-आठ बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यांचा, ढीग असतो आणि पूर्ण झालेलं गाणं एकही नसतं. लूप गोड लागतो, म्हणून त्यावर आणखी एक सिंथ (आवाज घडवणारं वाद्य) चढतो, मग एक प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), मग नवा सॅम्पल पॅक (तयार आवाजांचा संच), आणि फाइल तिथेच पडून राहते. म्हणून इथे सगळ्या विषयाची तोंडओळख करून देण्याऐवजी मी एकच ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून प्रकाशनापर्यंत नेतो. वेग १२० बीपीएम (मिनिटाला १२० मात्रा), सा काळी चारचा, सूर भूपाचे, लांबी ५ मिनिटं २० सेकंद. आवाज सातच: किक (ड्रमचा खालचा ठोका), बेस (खालचे सूर), हाय-हॅट (छोट्या झांजेसारखा ठोका), एक लाकडी ठोका, तानपुऱ्यासारखा ड्रोन (सलग घुमणारा आधारसूर), एक सुरावट आणि पत्र्यावरचा पाऊस. आठवा आवाज घ्यायचा नाही. मन कितीही ओढलं तरी नाही.

मोजक्या साधनांत काय होतं याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण चरणजित सिंग यांचं. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं साथ करणाऱ्या या वादकाने रोलँड कंपनीची टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) ही तीन यंत्रं हाताशी घेतली आणि मुंबईत १९८२ साली रागांचा अख्खा अल्बम केला. तेव्हा त्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. २०१० साली तो पुन्हा निघाला आणि जगभरच्या श्रोत्यांनी कान टवकारले. त्या यंत्रांची कामं आज एका साध्या लॅपटॉपमध्ये होतात.

साहित्य, थोडक्यात

८ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, १६ असेल तर निवांत. सॉफ्टवेअरमध्ये मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरला आहे. एलएमएमएस कायमचं मोफत. एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह शिकलेला मित्र जवळ असेल, तर तो वापरतो तेच घ्या. अडलं की विचारायला माणूस असणं हे सॉफ्टवेअरच्या कोणत्याही गुणापेक्षा मोलाचं. सिंथसाठी सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन मोफत प्लगइन पुरतात, या लेखातलं सगळं त्यात होतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी हेडफोनवर करा. कान पूर्ण झाकणारा, बेस फुगवून न दाखवणारा स्टुडिओ हेडफोन घ्या. २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा) त्यानंतर, ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन संगणकाला जोडणारं यंत्र) त्याच्याही नंतर. विंडोजवर इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल हा मोफत ड्रायव्हर टाका, पट्टी दाबणं आणि आवाज येणं यातलं अंतर बरंच कमी होतं. वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) १२८ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला त्याचा अर्थ सुमारे ३ मिलिसेकंद. मिक्स करताना, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवताना, बफर ५१२ किंवा १०२४ वर न्या, म्हणजे लॅपटॉपवरचा ताण उतरतो.

खोली काय करते

स्पीकर घ्यायची घाई का करू नये, ते आकड्यांतच बघा. आपल्या फ्लॅटमधली बेडरूम बहुधा १० फूट रुंद असते, म्हणजे साधारण ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी सर्वांत खालची लहर अडकून घुमते, तिची कंपनसंख्या वेग भागिले रुंदीची दुप्पट: ३४३ ला ६.१ ने भागा, ५६ हर्ट्झ येतात. आपल्या ट्रॅकचा मंद्रातला सा, काळी चारचा, ५२ हर्ट्झवर आहे. म्हणजे किक आणि बेस ज्या जागी बसणार, नेमकी तीच जागा खोली बिघडवते.

ही लहर भिंतीलगत सर्वांत जोरात असते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलात तर बेस कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता, आणि तोच ट्रॅक दुसऱ्याच्या गाडीत वाजला की दारं थरथरतात. भिंतीला पाठ लावून बसलात तर उलटा प्रकार. किक चालू ठेवून खोलीभर फिरा, हा फरक पावलागणिक ऐकू येतो.

यावर सोपा उपाय हेडफोनचा, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही तोच बरा. स्पीकर असतीलच तर खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करा आणि समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास बसा. स्पीकर टेबलावर थेट ठेवू नका, त्यांचे हादरे टेबलातून फरशीत आणि फरशीतून खालच्या घरात उतरतात. भिंतीवर पातळ फोम चिकटवल्याने वरचे आवाज मरतात आणि बेस जसाच्या तसा राहतो, खोली आणखीच खोटं बोलायला लागते. काही लावायचंच असेल तर चार इंच जाडीची रॉकवूलची पाटी जाड सुती कापडात नीट गुंडाळून कोपऱ्यांत उभी करा.

किक आणि बेस

किक सॅम्पल पॅकमधून उचलू नका, स्वतः बनवा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यात आवाजाची सगळी बाराखडी शिकून होते. सिंथमध्ये एकच साइन ऑसिलेटर (साधा, शुद्ध सूर काढणारा भाग) घ्या आणि सूर काळी चारवर, ५२ हर्ट्झला ठेवा. आता त्याच्या पिचला एन्व्हलप (वेळेनुसार होणाऱ्या बदलाचा आराखडा) जोडा, सुरुवात २०० हर्ट्झच्या आसपास आणि ५० मिलिसेकंदांत खाली ५२ वर. ही घसरणच कानाला 'ठप्प' अशी लागते. घसरण २० मिलिसेकंदांची केली तर टिचकीसारखी वाजते, १५० ची केली तर जुन्या व्हिडिओ गेमसारखी. आवाजाचा एन्व्हलप ३०० मिलिसेकंदांत शून्यावर आणा. वरून ५ मिलिसेकंदांचा नॉइजचा (खरखरीचा) कण टाका, म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवरही ठोक्याची सुरुवात कळते. १९८० साली आलेल्या टीआर-८०८ ची किकही अशीच परिपथात जन्मत असे, त्या यंत्रात रेकॉर्ड केलेला एकही आवाज नव्हता.

एका बारच्या सोळा घरांच्या चौकटीत किक १, ५, ९, १३ वर ठेवा.

बेसचा सूरही काळी चारच. आता एकाच ५२ हर्ट्झवर दोघं येणार, आणि एकाच वेळी वाजले तर कधी एकमेकांना खातील, कधी मिळून आवाज फाटेपर्यंत मोठे होतील. म्हणून बेस किकच्या मधल्या जागेत वाजवा: ३, ७, ११, १५. एखाद्या बारमध्ये १५ ऐवजी १६ वर न्या, तेवढ्यानेच चाल हलते. त्यावर साइडचेन कॉम्प्रेशन लावा. किक वाजली की बेस ४ ते ६ डेसिबल दबला पाहिजे आणि १२० ते १५० मिलिसेकंदांत पुन्हा वर आला पाहिजे. रिलीजचं (बेस पुन्हा वर यायला लागणाऱ्या वेळाचं) बटण फिरवताना डोळे मिटा. १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, बेस जिथे तिच्यासोबत श्वास घेऊ लागतो तिथे थांबा.

बेसच्या शेवटी थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा परिणाम) हवंच. फोनचा स्पीकर ५२ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. सॅच्युरेशनने १०४, १५६, २०८, २६० असे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात, आणि तेवढे ऐकू आले की खालचा सा मेंदू स्वतःच भरून घेतो.

हॅट आणि फिरता रूपक

हॅट म्हणजे व्हाइट नॉइज, त्यावर ७ किलोहर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचं गाळणारा) आणि ४० मिलिसेकंदांचा डिके (विरण्याचा वेळ). दर मात्रेच्या मधोमध ठेवा आणि ठोक्याचा जोर कमीजास्त करा. सगळे ठोके एकाच जोराचे असले की यंत्र यंत्रच वाटतं.

लाकडी ठोक्यात मजा आहे. स्वयंपाकघरातलं पोळपाट बोटाच्या पेराने वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. त्याचा लूप १६ घरांचा नको, ७ घरांचा करा. रूपक तालाच्या ३-२-२ विभागांनुसार ठोके १, ४ आणि ६ वर. खाली किक सोळाच्या हिशोबात आणि वर हा सातच्या, त्यामुळे दर बारला त्याची जागा सरकते. सात आणि सोळा यांची गाठ ११२ घरांनी, म्हणजे ७ बारनंतर, १४ सेकंदांनी पडते. ऐकणाऱ्याला गणित कळत नाही, पण लूप एकसुरी झाला असं त्याला कधी वाटत नाही. एका ओळीच्या मिडी क्लिपमधून एवढं मिळतं, त्यासाठी नवा आवाज शोधावा लागत नाही.

ड्रोन, सुरावट आणि गंधार

तानपुरा घरात असेल तर तोच रेकॉर्ड करा. नसेल तर सिंथमध्ये प, सा, सा आणि खर्जातला सा अशा चार सुरांचा सावकाश लूप करा. सॉ वेव्हचे दोन ऑसिलेटर ४-५ सेंटच्या (सेंट म्हणजे लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरकाने लावा आणि दर छेडीला लो-पास फिल्टर (वरचे आवाज गाळणारा) थोड्या रेझोनन्सने हळूहळू उघडून मिटू द्या. हुबेहूब जवारी (तानपुऱ्याच्या तारेचा झंकार) येणार नाही, पण वरचे हार्मोनिक्स एकामागून एक उमलल्यासारखे होतात आणि ते इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमध्ये सुंदर बसतं.

सुरावटीसाठी भूप: काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार. आता ड्रोनवर पांढरी एक धरून ठेवा, म्हणजे गंधार. थोडा टोचतो ना? कीबोर्डच्या समान विभागणीत शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, तोच १४ सेंट चढा असेल तर राग उभाच राहत नाही. धैवतही असाच १६ सेंट चढा असतो. रे आणि प यांचा फरक २ ते ४ सेंटचा, तो सोडून द्या.

सर्ज एक्सटी आणि व्हायटल, दोन्ही स्काला नावाच्या पद्धतीच्या ट्यूनिंग फाइल (सुरांची नेमकी स्थानं लिहिलेल्या) वाचतात, तिथे ही स्वरस्थानं एकदाच बसवता येतात. तसं नको असेल तर एका वेळी एकच सूर वाजणारी सुरावट ठेवा आणि गंधाराच्या सुरावर पिच बेंड खाली ओढा. बेंडची मर्यादा दोन सेमीटोन असेल तर १४ सेंट म्हणजे मिडीच्या मापात साधारण उणे ५७३. आकडा टाकून झाला की डोळे मिटून ऐका आणि ड्रोनशी होणारी थरथर थांबेपर्यंत सरकवा, शेवटचा निवाडा कानाचाच. घरी कीबोर्डवर राग वाजवणारे फार थोडे लोक एवढं करतात, आणि म्हणून बाकीच्यांचे राग प्लास्टिकचे वाटतात. मला हे मनापासून खटकतं, कारण उपाय इतका जवळ आहे.

पाऊस

पत्र्याखाली थेट उभं राहू नका, तिथे सगळं फाटतं. खिडकीपासून दोन-तीन पावलं आत, फोन मऊ कापडावर ठेवून, निदान तीन मिनिटं सलग घ्या. फोनच्या रेकॉर्डरमध्ये लॉसलेस किंवा वॅव्ह हा पर्याय निवडा, पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. लॅपटॉपला माइक जोडून घेणार असाल तर चार्जर काढा. दोन पिनांच्या चार्जरमुळे आणि अर्थिंग नसलेल्या प्लगमुळे ५० हर्ट्झची गुणगुण शिरते, आणि ती आपल्या ५२ च्या अगदी शेजारी बसते. सॉफ्टवेअरमध्ये पावसावर २५० हर्ट्झचा हाय-पास लावा.

लूपचं गाणं

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून इथे सावकाश. नवीन काही लिहायचं नाही. सातही आवाजांचा भरलेला आठ बारचा लूप पूर्ण १६० बारवर पसरा. १२० बीपीएमला एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे ५ मिनिटं २० सेकंद झाली. गाणं भरगच्च आणि कंटाळवाणं आहे, पण पूर्ण लांबीचं आहे. आता खोडायला लागा.

पहिल्या १६ बारमधून पाऊस आणि ड्रोन सोडून सगळं काढा. १७ व्या बारला, ३२ व्या सेकंदाला, किक आणि हॅट आत. ४९ ला, १ मिनिट ३६ सेकंदांवर, बेस येतो आणि सुरावटीचे फक्त सा आणि ध. ८१ ते ९६ हा मोकळा भाग: किक आणि बेस गायब, पाऊस वर, ड्रोनचा फिल्टर पूर्ण उघडा, आणि सुरावट इथे पहिल्यांदा सबंध भूप म्हणते. गंधार तोवर राखून ठेवा. ख्यालात गायक बढत करताना एकेक सूर उघडतो, तसाच हा हिशोब आहे. ९६ व्या बारमध्ये पाऊस सोडून सगळं थांबवा, दोन सेकंद. ९७ ला सगळे सातही एकत्र. १४५ पासून एकेक आवाज बाहेर, शेवटी पाऊस.

रूपकचा ठोका कुठे सुरू करायचा? ४९ ला केला तर किकशी त्याची सम ५६, ६३, ७० अशी पडत ९८ ला येते, ९७ ला हुकते. सगळा भार ९७ वर आहे आणि ठोका एक बार मागे. म्हणून तो ४८ ला, अगदी हळू, सुरू करा. मग सम ५५, ६२, ६९, ७६, ८३, ९० आणि बरोबर ९७. मोकळ्या भागातही तो बंद न करता फक्त आवाज शून्यावर आणा, म्हणजे मोजणी तुटत नाही. तिहाई जमल्यावर मैफलीत जी 'वाह' निघते, तिचं छोटं रूप इथे मिळतं.

यानंतर दर आठ बारला एक गोष्ट बदलली पाहिजे: एक किक वगळा, हॅटचा डिके लांबवा, बेसचा कटऑफ (फिल्टर जिथून गाळतो ती सीमा) ३२ बारमध्ये २०० वरून ९०० हर्ट्झला न्या. एका वेळी एकच बदल. मग संगणकाची स्क्रीन बंद करून गाणं आरंभापासून ऐका आणि हातात कागद ठेवा. मन जिथे भरकटलं तिथली वेळ लिहा, थांबवू नका. दुरुस्ती फक्त त्या वेळांवर करायची.

मिक्स

सगळे आवाज शून्यावर आणून आधी किक वर करा, शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास. मग बेस, मग सुरावट, मग ड्रोन, शेवटी पाऊस. मास्टरवर (सगळ्या आवाजांच्या बेरजेवर) ६ डेसिबल जागा राहू द्या. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डावी-उजवीकडे सारखंच). रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) प्रत्येक आवाजावर वेगळा लावू नका, एकाच सेंडवर (सगळ्यांच्या सामायिक वाटेवर) एकच ठेवा, म्हणजे सगळे एका खोलीत बसल्यासारखे होतात. त्यावर ३०० हर्ट्झचा लो-कट. सुरावटीला डिले (प्रतिध्वनी) हवा असेल तर ३७५ मिलिसेकंद, म्हणजे १२० बीपीएमला दीडपट आठवा भाग.

आवाज कमी ठेवून काम करा. कान मोठ्या आवाजात बेस जास्त ऐकतो, त्यामुळे जोरात केलेला मिक्स हळू लावला की पोकळ वाटतो. शिवाय ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही, म्हणून तासाभराने हेडफोन काढाच. आवडत्या कलाकाराचा एक ट्रॅक शेजारी ठेवून तुलना करा, पण त्याचा आवाज आपल्या पातळीला उतरवून. मोठा तो चांगला, असं कान नेहमीच म्हणतो. नंतर फोनवर, गाडीत, स्वस्त इअरफोनवर ऐका आणि तीनही ठिकाणी सलणारी गोष्टच दुरुस्त करा.

मास्टरला एक लिमिटर (ठरवलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा) पुरतो, कमाल मर्यादा उणे १ डेसिबल ट्रू पीक (प्रत्यक्ष शिखर). स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आवाज समान करतं. आपला ट्रॅक उणे १० ला चांगला वाजत असेल तर तसाच ठेवा, ते फक्त खाली करतील. फाइल २४ बिट वॅव्हमध्ये काढा.

प्रकाशन आणि हक्क

डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर यांसारख्या वितरकांमार्फत ट्रॅक सगळीकडे जातो आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला लागणारा १२ अक्षरी आयएसआरसी क्रमांकही तेच देतात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. तारीख तीन-चार आठवडे पुढची धरा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक पाठवायचा तर प्रकाशनाआधी पाठवावा लागतो, आणि निदान सात दिवस आधी पाठवला तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही तो येतो. थेट विक्रीसाठी बँडकॅम्प आहे.

रचनाकार म्हणून मुंबईच्या आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेचं सदस्यत्व घ्या, रचनेचा मोबदला तिथून येतो आणि तो वितरकाकडून मिळणाऱ्या पैशांपेक्षा वेगळा असतो. जुन्या चित्रपटगीताचे दोन सेकंदही परवानगीशिवाय घेऊ नका. तिथे रचनेचा एक हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा, दोन्ही वेगळ्या मालकांचे असू शकतात. आपल्या १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो. भूप कोणाच्याही मालकीचा नाही, पण कोणीतरी गायलेल्या भूपाचं रेकॉर्डिंग मालकीचं आहे. विकतच्या पॅकमधला लूप जसाच्या तसा वापरला असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडी या हक्क ओळखणाऱ्या यंत्रणेला ट्रॅक देऊ नका, तोच लूप वापरणाऱ्या इतरांवर दावे जातील. आपल्या ट्रॅकमध्ये पोळपाट, पाऊस आणि सिंथ, तेव्हा हा प्रश्नच नाही. मित्राने तबला वाजवला असेल तर वाटा किती हे रेकॉर्डिंगच्याच दिवशी दोन ओळींत लिहून दोघांनी सही करा.

फोल्डर बंद करण्याआधी सातही आवाज १ ल्या बारपासून १६० व्यापर्यंत वेगवेगळ्या वॅव्ह फाइलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा, सोबत वेग आणि सा लिहिलेली एक मजकुराची फाइल. सॉफ्टवेअर बदलतं, प्लगइन उघडेनासे होतात, या फाइली मात्र कुठेही उघडतात, आणि लाइव्ह वाजवायची वेळ आली की याच सात फाइली घेऊन स्टेजवर जाता येतं.